हरकतीत गट नंबर हवा

सप्टेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. सिंधुदुर्गातल्या एका गावातून पुतण्याच्या मित्राचा फोन आला. "काका, आमचो गाव यादीत असा म्हणतत. आता काय लिवूक होया?" यादी म्हणजे पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याला जोडलेली गावांची यादी. मसुदा निघून पन्नासावर दिवस झाले होते. गावात एक छापील अर्ज फिरत होता, खाली नाव लिहून सही तेवढी करायची. मजकूर तीन ओळींचा: गावाचा विकास खुंटेल, शेतकऱ्यांवर अन्याय होईल, सबब आमचे गाव वगळावे. तीनशेच्या आसपास सह्या झाल्या होत्या.

मी विचारलं, "मसुदा वाचलास का?" नाही. "यादी पाहिलीस?" तीही नाही. मग यादीची पानं त्याला मोबाइलवर पाठवली. अर्ध्या तासानं परत फोन. नाव त्याच्या गावाचंच होतं, पण तालुका दुसरा. त्याचं गाव यादीत नव्हतंच. यादीत नसलेलं गाव वगळण्याची मागणी तीनशे लोकांनी केली होती.

हसण्यासारखं आहे, पण मी हसलो नाही. कारण अशीच चूक मी स्वतः केली आहे. पहिल्यांदा हरकत लिहिली तेव्हा निसर्गसौंदर्यावर दोन पानं लिहिली आणि सर्व्हे नंबर एकही नाही. ते पत्र कुठल्या फायलीत गेलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जंगलाबद्दल सरकार लोकांना विचारतं ते बहुतेक वेळा असंच: राजपत्रात मसुदा, ठरावीक दिवसांची मुदत आणि 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी एक ओळ. या ओळीचा उपयोग उद्योगवाले नीट करतात. गावकरी आणि शहरातले निसर्गप्रेमी सहसा करत नाहीत. त्यांनी तो कसा करावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पश्चिम घाटाचंच उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात आहेत आणि हा घोळ दीर्घकाळ चालला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची समिती २०१० मध्ये नेमली गेली. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये आला, पण लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर. मग कस्तुरीरंगन गट, त्याचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये. गाडगिळांनी सबंध घाट संवेदनशील मानून तालुक्यांनुसार तीन श्रेणी पाडल्या होत्या. कस्तुरीरंगन गटानं गावनिहाय यादी केली आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. त्या आधारे केंद्रानं १० मार्च २०१४ रोजी पहिला मसुदा काढला. त्यानंतर २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी, केरळात वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात सहा राज्यांतलं मिळून ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर, गोव्याचा १,४६१.

एकाच गोष्टीचे सहा मसुदे का? पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या नियम ५ प्रमाणे मसुदा निघाल्यापासून ठरावीक दिवसांत अंतिम अधिसूचना निघाली नाही, तर मसुदा बाद होतो. पूर्वी ही मुदत ५४५ दिवसांची होती, पुढे ती ७२५ झाली. राज्यं गावं कमी करा म्हणत राहिली, केंद्र समित्या नेमत राहिलं, आणि दर वेळी मसुदा मुदत संपून मेला. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की २०१८ ला पाठवलेली हरकत २०२४ च्या मसुद्याला आपोआप चिकटते असं धरून चालू नका. नवा मसुदा आला की जुनं पत्र काढा, तारीख आणि कलमांचे क्रमांक बदला, पुन्हा पाठवा. माझ्याकडे त्यासाठी एक जाड फाईल आहे. बायको तिला 'काकांचं पुराण' म्हणते.

हरकतीची मुदत ६० दिवसांची. ती मोजायची राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या दिवसापासून. म्हणजे राजपत्रावरची तारीख आणि प्रत्यक्ष उपलब्धतेची तारीख यात दोनचार दिवसांचा फरक पडू शकतो. त्या फरकावर विसंबू नका. पन्नासाव्या दिवशी पत्र टपालात पडलेलं बरं.

आता वाचायचं कसं ते. मसुदा हातात आला की आधी शेवटची पानं उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव या क्रमानं नावं असतात, आणि इंग्रजीत. आपल्याकडच्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं काय होतात हे एसटीच्या पाट्या पाहणाऱ्याला सांगायला नको. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' वेगवेगळी गावं आहेत, एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात, आणि जी वाडी तुम्ही स्वतंत्र गाव समजता ती महसुली दफ्तरात दुसऱ्याच गावात असू शकते. तलाठ्याकडे जाऊन महसुली गावाचं नाव पक्कं करा. मग मधला मजकूर.

मधला मजकूर लहान असतो आणि अफवा मोठ्या असतात. घरावरची कौलं बदलायला दिल्लीची परवानगी लागेल, आंब्याला फवारणी करता येणार नाही, जमीन विकता येणार नाही, हे सगळं मी सभांमधून ऐकलं आहे, तेही माइकवरून. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळू उपसा यांवर. चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, यांतलं जे आधी होईल तेव्हा बंद करायच्या. नवे औष्णिक वीज प्रकल्प नाहीत. 'लाल', म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या प्रवर्गातले नवे उद्योग नाहीत. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी नवी बांधकामं नाहीत, ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या नव्या वसाहती नाहीत. राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ आणि नूतनीकरण प्रचलित कायद्यांप्रमाणे चालू राहतं. जमिनीच्या मालकीला धक्का नाही. आता यातलं तुम्हाला नक्की काय खुपतं? दगडखाण तुमच्या चुलत्याची असेल तर ती खुपणारच, आणि तसं लिहायला लाजायचं कारण नाही. पण मग 'शेतकऱ्यांवर अन्याय' असं लिहू नका. 'गट क्रमांक अमुक मधल्या दगडखाणीवर आमची इतकी कुटुंबं अवलंबून आहेत, पाच वर्षांत बंद झाली तर पर्याय काय' असं लिहा. या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. पहिल्याला द्यावं लागत नाही.

हरकत म्हणजे 'नको' असं आपल्याला वाटतं. पण छापील शब्द 'हरकती व सूचना' असा आहे, त्यातली सूचना आपण विसरतो. गाव वगळा म्हणता येतं तसं गाव घाला म्हणता येतं, आणि यादी आहे तशी राहू द्या पण अमुक अट बदला असंही म्हणता येतं. गाडगीळ समितीसमोर सिंधुदुर्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी आमची गावं संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव ठेवले होते. खाण येऊ घातली होती आणि त्यांना ती नको होती. लोक फक्त विरोध करतात, ही समजूत त्या २५ ठरावांनी केव्हाच मोडली आहे.

आता प्रत्यक्ष पत्र. नमुना म्हणून चार वाक्यं देतो. गाव आणि आकडे काल्पनिक आहेत:

"मौजे अमुक, तालुका तमुक येथील गट क्रमांक ११२ मध्ये १ हेक्टर ४० आर क्षेत्राची देवराई आहे. राईतून निघणाऱ्या वहाळावर गावाची नळपाणी योजना अवलंबून आहे. राईत तीन जुने बेहडे असून त्यांपैकी एकाच्या ढोलीत ककणेर दर वर्षी घरटे करतो; ही नोंद ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत पान १४ वर आहे. राईच्या वरच्या अंगाला खाणपट्ट्याची मागणी झाल्याने गाव परिशिष्टात समाविष्ट करावे, ही विनंती."

यात 'निसर्गाचा अनमोल ठेवा' नाही, 'पुढच्या पिढ्या' नाहीत. एक गट, एक वहाळ, एक झाड, एक पक्षी, एक पान क्रमांक, एक मागणी. छाननी करणारा माणूस दिल्लीत जोरबागेतल्या इंदिरा पर्यावरण भवनात बसून हे वाचणार. त्यानं तुमचं गाव पाहिलेलं नाही, पाहण्याची शक्यताही नाही. पण गट ११२ नकाशावर शोधता येतो. देवराई शोधताना तो तुमच्या भावना शोधणार नाही. आणि तीनशे एकसारख्या अर्जांचं सारांशात एकच वाक्य होतं: 'काही ग्रामस्थांनी विरोध दर्शवला.' त्यापेक्षा दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या गटांबद्दल दहा पत्रं लिहिलेली बरी.

ककणेर हा शब्द मी मुद्दाम ठेवला. धनेश म्हटलं तरी चालेल, शास्त्रीय नाव जोडलंत तर उत्तम, पण गावातलं नाव गाळू नका. ते नाव लिहिणारा माणूस गावातलाच आहे हे वाचणाऱ्याला कळतं. सोबत काय जोडायचं? सातबारा, गावनकाशाची झेरॉक्स त्यावर लाल शाईनं खूण करून, तारखेचे फोटो आणि असेल तर जैवविविधता नोंदवहीतलं पान. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीनं ही नोंदवही करायची आहे. बऱ्याच ठिकाणी ती ठेकेदारानं शेजारच्या गावाचीच उतरवून दिलेली असते, म्हणून जोडण्याआधी वाचा. किनाऱ्यावरच्या एका गावाच्या नोंदवहीत मी मोहाची फुलं गोळा करण्याचा हंगाम वाचलेला आहे.

उद्योगांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते मसुद्याला विरोध करत नाहीत, ते त्यातला एक शब्द बदलून मागतात. कलम अमुक, ओळ तमुक, 'नवीन व विस्तारित' मधला 'विस्तारित' काढावा, कारण असं, पर्यायी मजकूर असा. मजकूर तयार असतो, अधिकाऱ्याला फक्त उचलायचा असतो. आपण म्हणतो 'मसुदा रद्द करा' किंवा 'मसुदा त्वरित लागू करा', आणि दोन्हीतलं काहीच उचलता येत नाही. उद्योगांच्या पद्धतीत वावगं काही नाही, हे कसब आहे आणि ते आपल्यालाही जमतं. एका संध्याकाळी चार जण बसा. डावीकडे मसुद्यातलं वाक्य, उजवीकडे तुम्हाला हवं ते वाक्य, खाली दोन ओळी कारण. लहान काजू कारखानदार, लाकूड गिरणीवाला, रिसॉर्टसाठी जमीन घेतलेला माणूस, यांनीही असंच करावं. उद्योग म्हणजे फक्त मोठी कंपनी नव्हे. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात जुनं मिश्र जंगल तोडून रबर आणि अननस लावणारे सगळे काही कारखानदार नाहीत.

लोकांना बाजूला ठेवून सरकार आणि उद्योग दोघंच बसले की काय होतं, त्याचा एक जुना आकडा सांगतो. कर्नाटकात १९५८ मध्ये दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारी जंगलातला बांबू टनाला दीड रुपये दरानं मिळाला. बुरुडाला बाजारात त्याच बांबूला कित्येक पटींनी पैसे मोजावे लागत. बांबू संपला तेव्हा दोष गुराख्यांवर आणि बुरुडांवर आला. गाडगिळांनी सत्तरच्या दशकात जागेवर जाऊन पाहिलं तेव्हा गिरणीच्या तोडीची पद्धतच बांबूच्या मुळावर आल्याचं दिसलं. त्या करारावर कुणी हरकती मागवल्या नव्हत्या.

एकट्याच्या पत्रापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला वजन जास्त, आणि ठराव कच्चा असेल तर तो फेटाळायलाही सोपा. गणपूर्ती पाहा. महाराष्ट्रात सर्वसाधारण ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतले जे कमी ते लागतात. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला मात्र निम्मी उपस्थिती लागते आणि त्यात एक तृतीयांश बाया हव्यात. ठरावाला क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक हवेत, आणि ग्रामसेवकाची, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, सही. ठराव वहीत लिहिल्या दिवशीच त्याची प्रमाणित प्रत मागा. 'उद्या देतो' याचा पुढचा टप्पा 'वही वर पाठवली आहे' असा असतो.

ग्रामसभा कुठल्या कायद्याखाली बसते यावर मोठा फरक पडतो. पश्चिम घाटाच्या मसुद्यावर सरकार तुमचं म्हणणं मागवतं, तुमची संमती मागत नाही. तुम्ही 'नको' म्हणालात म्हणून अधिसूचना थांबत नाही. वनहक्क कायदा २००६ मात्र वेगळा आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांकडे सोपवला. त्या वर्षी १२ ग्रामसभा झाल्या, बाराही गावांनी खाण नाकारली, आणि खाण झाली नाही. इथे विचारणा नव्हती, निर्णय होता. तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, किंवा दावा दाखल असेल, तर हरकतीत ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिकाही ग्रामसभेच्या हाती आली. तेव्हापासून त्या बांबूबद्दल बोलायचं तर त्या गावाशी बोलावं लागतं.

जाता जाता एक तक्रार. संवेदनशील क्षेत्राच्या यादीवर रास्ता रोको होतात, पण जंगलाचं दर दिवसाचं भवितव्य जिथे ठरतं त्या वनविभागाच्या कार्यआयोजनेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. साधारण दहा वर्षांची ही योजना असते. कुठल्या कक्षात विरळणी, कुठे तोड, कुठे कुठली रोपं, हे सगळं त्यात. वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झालं आणि विदर्भातलं मिश्र जंगल काढून सागाची लागवड ही त्याची ओळख झाली. सागाचे पैसे होतात हे खरं. पण मोह, तेंदू, चार, बेहडा गेले की गावातल्या बायांची उन्हाळ्याची कमाई जाते, आणि ती कमाई कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारा: आमच्या भागाची कार्यआयोजना केव्हा संपते, नवी कोण लिहितंय, आणि गावांशी बोलणी कधी होणार? नवी योजना लिहिताना स्थानिकांशी बोलायचं असतं. योजना मंजूर झाल्यावर जाल तर चहा मिळेल, बदल मिळणार नाही.

भाषेचं सांगतो. मसुदे इंग्रजी आणि हिंदीत निघतात. मराठीत मागणं हा तुमचा हट्ट नाही. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० रोजी तो मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सर्व, म्हणजे २२ भाषांत द्यायला सांगितला आणि हरकतींची मुदतही ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्यामुळे तुमच्या पत्राचा पहिला मुद्दा हाच असू द्या: मसुदा मराठीत उपलब्ध करून द्यावा आणि त्या दिवसापासून मुदत मोजावी. ही मागणी एकाच ओळीत करा आणि लगेच पुढच्या मुद्द्यावर जा, तिथेच अडून बसू नका. हरकत मराठीत लिहिली तरी चालते. माझा सल्ला, मूळ पत्र मराठीत आणि सोबत एका पानाचा इंग्रजी गोषवारा. वाचणाऱ्याचं काम सोपं केलं की आपलं म्हणणं पुढे सरकतं.

राजपत्रातल्या मसुद्यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे जनसुनावणी. जंगलाच्या अंगाला एखादी खाण किंवा मोठा प्रकल्प येतो तेव्हा पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती सहसा घ्यावी लागते. घेतं राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, बसतात जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी दर्जाचे प्रतिनिधी. किमान ३० दिवस आधी दोन वर्तमानपत्रांत नोटीस लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. या मूल्यांकनाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा आणि अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत पाहायला ठेवलेली हवी. गणपूर्तीची अट नाही. सुनावणीचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. हे शेवटचं बहुतेकांना माहीत नसतं, तोवर लोक वडापाव खाऊन गेलेले असतात. थांबा. वाचून दाखवेपर्यंत उठू नका. तुमचं वाक्य त्यात नसेल तर तिथल्या तिथे हात वर करा.

मी पाहिलेली एक सुनावणी. मे महिना, शाळेच्या पटांगणात मांडव, पंखे फक्त मंचावर. पुढच्या चार ओळी सकाळी नऊलाच भरलेल्या, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या नव्या टोप्या. पाठीमागून घोषणा, पुढून टाळ्या, दोन तास हेच. मग एक साठीची बाई उठली. पदर खोचून माइकपाशी गेली आणि विचारलं, "तुमचा डंपर शाळेसमोरून दिवसाला किती वेळा जाणार?" सल्लागार कंपनीच्या माणसानं जाडजूड अहवाल उघडला. पानं उलटली. पुन्हा उलटली. आकडा सापडेना. बाई म्हणाली, "मग लिवून घ्या, की आकडो नाय." आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवसाच्या इतिवृत्तात कामाचं म्हणावं असं मला तेवढंच वाक्य सापडलं. घोषणा एकही नोंदली गेली नव्हती. बोलायला जाताना कागदावर एकच प्रश्न लिहून न्या, शक्यतो आकड्यात उत्तर लागेल असा. आणि भाषणाची लेखी प्रत मंचावर देऊन पोहोच घ्या.

शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात. महाराष्ट्रात महापालिका हद्दीतल्या झाडांना १९७५ चा वृक्ष कायदा लागतो. झाडावर नोटीस डकवली जाते आणि हरकतीला मिळतात सात दिवस. सकाळी फिरायला जाता तेव्हा बुंध्याकडेही पाहत जा.

आता कटू भाग. एवढं करून ऐकतात का? बहुतेक वेळा नाही, किंवा फार थोडं. वनसंवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीवर संसदेच्या संयुक्त समितीकडे १,३०९ निवेदनं आली. समितीनं विधेयकात एकही बदल सुचवला नाही. मग लिहायचं कशाला? कारण लिहिलेलं पुढे कामाला येतं. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये म्हटलं, की जनसुनावणीत आलेल्या आक्षेपांचा तज्ज्ञ समितीनं विचार केला हे तिच्या निर्णयातून, कारणांसह दिसलं पाहिजे. म्हणजे आक्षेप नोंदलेला असेल तरच त्याचं उत्तर का दिलं नाही हे विचारता येतं. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जायला ३० दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे वकील पहिल्या भेटीत विचारतो, "तुम्ही त्या वेळी काय लिहिलं होतं?" या प्रश्नाला गप्प राहणारे पक्षकार मी पाहिले आहेत. त्यांचा राग खरा होता, कागद नव्हता.

पत्र गेल्यावर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. विचारा: अमुक मसुद्यावर एकूण किती हरकती आल्या, त्यांचा गोषवारा, आणि माझ्या पत्रावर घेतलेला शेरा. २०१४ च्या कायदेपूर्व सल्लामसलतीच्या केंद्रीय धोरणात आलेल्या सूचनांचा सारांश प्रसिद्ध करावा असंच म्हटलं आहे, त्याचा हवाला द्या.

त्या पुतण्याच्या मित्रानं पुढे काय केलं ते राहिलं. त्यानं तीनशे सह्यांचा गठ्ठा ठेवून दिला आणि वेगळं पत्र लिहिलं. आमचं गाव यादीत नाही, पण आमच्या गावाचं पाणी ज्या डोंगरातून येतं तो डोंगर ज्या शेजारच्या गावात आहे तेही यादीत नाही, ते घ्यावं. सोबत वहाळाचा नकाशा आणि आठ गट नंबर. ५८ व्या दिवशी स्पीड पोस्टानं रवाना केलं. रजिस्टर पोस्ट आता बंद होऊन स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर जाऊन रजिस्टर मागू नका, स्पीड पोस्ट करा आणि पोहोचल्याची नोंद मागा. हातानं देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. आणि त्या पावतीचा तिथेच मोबाइलवर फोटो काढा. टपालाच्या पावतीची शाई कोकणात एका पावसाळ्याच्या वर टिकत नाही.